बाईंचा मोडता

बाईंना हाक मारली की त्या 'ओ' देत नसत, 'ऐकलं' म्हणत. मान वर करणं नाही, वळून बघणं नाही, की-बोर्डवर चाललेली बोटंसुद्धा थांबत नसत. नव्या माणसाला वाटायचं, आपल्याला वाटेला लावलं. मग चारचा चहा आला की बाई खुर्ची फिरवून बसायच्या आणि सकाळपासून ज्याने जे विचारलं असेल त्याची उत्तरं त्याच क्रमाने, सगळ्यांसमोर, देऊन टाकायच्या. "तुझी शनिवारची रजा, घे. तुला प्रोग्राममध्ये अडचण येतेय म्हणालास, ती तुझ्याच प्रोग्राममध्ये आहे, माझ्या नाही. आणि साहेब, दिवाळीपर्यंत होईल का असं तुम्ही विचारलं होतं. नाही होणार." साहेब म्हणजे आमचे मालक. त्यांनाही चारपर्यंत थांबावं लागे.

मला हे फार लागायचं. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि जगाने निदान मान वर करून माझ्याकडे बघावं अशी माझी माफक अपेक्षा होती. एकदा मी धावत वर जाऊन म्हणालो, "बाई, खाली तुमच्या कायनेटिकमधून पेट्रोल गळतंय." बाई म्हणाल्या, "ऐकलं." चार वाजता त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हां, पेट्रोल. चल, बघू." बघण्यासारखं तोपर्यंत काही उरलं नव्हतं. ती गाडी पंपापर्यंत मी ढकलत नेली आणि बाई शेजारून, पर्स सांभाळत, प्रोसेसरबद्दल बोलत चालत आल्या.

मी वैतागून विचारलं, की हे असं का? तर म्हणाल्या, "अरे, मध्येच कुणी आलं की त्याची फक्त दखल घ्यायची आणि हातातलं काम पुढे न्यायचं. आलेल्याचं काम सवडीने करायचं. मशीनला मी हेच शिकवलंय. मला स्वतःला जमलं नाही तर मशीनला कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण पेट्रोल?"

"पेट्रोलच्या बाबतीत चुकलंच. काही हाका लगेच घ्यायच्या असतात, ते वेगळं ठरवायला हवं," असं म्हणून त्या पंपापर्यंत त्याचाच विचार करत राहिल्या.

आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत होती. कंपनी म्हणजे एका शेडचा वरचा मजला. खाली एकजण पुठ्ठ्याचे खोके बनवायचा आणि वर आम्ही कंट्रोलर बनवायचो. अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉपांमधून पत्रा दाबायचे प्रेस असतात, ते चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे कंट्रोलर. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. त्या डब्यात एक लहानसा प्रोसेसर असे आणि त्यावर चालणारं कर्नल बाईंनी एकट्यांनी लिहिलेलं होतं. कर्नल म्हणजे सगळ्यांत तळाचा प्रोग्राम. बटणं वाचणं, पडद्यावर आकडे दाखवणं, प्रेस खाली सोडणं, ही कामं त्याच्या डोक्यावर चालतात. प्रोसेसर एकच आणि कामं अनेक, तेव्हा कुणाला कधी पाळी द्यायची, कुणाला मध्येच थांबवायचं, हे कर्नल ठरवतं. ते नीट चाललं तर कुणाला त्याची आठवणही होत नाही. बाईंचंही थोडंफार तसंच होतं.

पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतील त्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. दोन घड्याळांवरून नवे लोक हसायचे. बाईंचं म्हणणं असं, की एकच घड्याळ असलं तर ते सांगेल ती वेळ आपण मुकाट खरी मानतो. दोन असली की आपल्याला नक्की माहीत नाही एवढं तरी लक्षात राहतं. पूर्वी त्या एका तंत्रशाळेत शिकवायच्या. तिथली 'बाई' ही हाक त्यांनी बरोबर आणली होती आणि कुणी 'मॅडम' म्हटलं तर त्या 'ऐकलं'सुद्धा म्हणायच्या नाहीत.

काही शब्दांना त्यांच्या खोलीत बंदी होती. 'सहसा', 'शक्यतो', 'बहुतेक'. मी एकदा बेसावधपणे म्हणून गेलो, की बाई, असं सहसा होत नाही. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे होतं. बोल पुढे." त्यांचं गणित सोपं होतं. प्रेस दिवसभर चालतो, प्रोसेसर एका सेकंदात लाखो गोष्टी करतो, तेव्हा लाखात एकदा घडणारी गोष्ट आजच घडणार, जेवायच्या सुट्टीच्या आधीच. हे ऐकून आम्ही खालच्या टपरीवर जाऊन त्यांच्या नकला करायचो. "चहात सहसा साखर असते," असं एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी कपाळाला हात लावायचा.

आता त्यांच्या मोडत्याबद्दल सांगायला हवं, कारण त्यासारखी कामाची पद्धत मी पुढे कुठेही पाहिली नाही. आमच्या कुणाचाही प्रोग्राम चिपमध्ये जाण्याआधी त्याचं वाचन व्हायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने एका कामाच्या ओळी मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने दुसऱ्या कामाच्या. तिसऱ्या खुर्चीत मोडता. कुठल्याही ओळीनंतर 'थांब' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'वाच' म्हणायचं, एवढंच मोडत्याचं काम. त्याने जमेल तितकं वाईट वागायचं. दोघांचं भांडण लागेल, एकाने मांडलेलं दुसरा विस्कटेल, अशाच जागी थांबवायचं. तेवढ्यातून प्रोग्राम शहाणासुरता बाहेर पडला तर पास.

मोडता नेहमी बाईच असायच्या. एरवी साधी माशीसुद्धा न मारणारी ही बाई त्या खुर्चीत बसली की तिच्या डोळ्यांत काय दुष्टपणा चमकायचा! "थांब," त्या हळूच म्हणायच्या. "आता याला जाऊ दे. जाऊ दे अजून. हां, आता तू ये परत. काय दिसतंय?" आपण सकाळी मोठ्या ऐटीत लिहिलेल्या प्रोग्रामचा बघता बघता चिखल झालेला असायचा. मग बाई टाळी वाजवून हसायच्या. त्या हसण्यात हिणवणं नसे. आपल्याबरोबर त्यांनाही काहीतरी सापडलेलं असे. मी दोनदा रागाने कागद फेकून उठून गेलोय. दोन्ही वेळा त्यांनी कागद उचलून माझ्या टेबलावर ठेवले आणि चारच्या चहाला सांगितलं, "ती अमुक ओळ वर घे, म्हणजे चालेल."

मोडत्याला फक्त एका गोष्टीची मनाई होती. काही कामं अशी असतात की त्यांच्या मध्ये कुणी येऊन चालत नाही. त्यांच्या आधी 'दार लाव' असं लिहायचं आणि संपली की 'दार उघड'. दार लावलेलं असताना बाहेरून कितीही हाका आल्या तरी प्रोसेसर त्या घेत नाही. हे लावणं आणि उघडणं म्हणजे कर्नलच्या तळाच्या दोन विटा, असेंब्लीतल्या, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या, जेमतेम चार-दोन ओळी, पण बाकी सगळं बांधकाम त्यांच्यावर. त्या बाईंनी अगदी पहिल्या आठवड्यात लिहिल्या होत्या. त्यांना कुणी हात लावत नसे आणि त्या कुणी वाचतही नसे. दार बंद असताना मोडत्याने 'थांब' म्हणायचं नाही, हा नियम बाई स्वतःही पाळायच्या, जरा हिरमुसून.

या दार लावण्याला आमच्या धंद्यात कुलूप म्हणतात; त्या कुलपांवरून तर त्यांनी माणसांच्याही जाती पाडल्या होत्या. दुसरा कुणी आत असताना आपण दाराशी काय करायचं, याच्या दोन तऱ्हा. एक, कडी खडखडवत उभं राहायचं, झालं का, झालं का म्हणत. दुसरी, झालं की हाक मारा असं सांगून जाऊन पडायचं. साहेब खडखडे आणि स्वतःचे यजमान झोपाळू, असं त्या उघड म्हणायच्या. यजमान बँकेत होते, मोठे शांत गृहस्थ. सिडकोतल्या त्यांच्या घरी मी गेलो की तेच पोहे करायचे. पण बाईंच्या मते दोन्ही तऱ्हा बरोबर, फक्त जागा ओळखता आली पाहिजे. "आतला क्षणात बाहेर येणार असेल तर खडखड करावी, झोपेचा खटाटोप कशाला? वेळ लागणार असेल तर खडखडणाऱ्याचं मनगट दुखतं आणि आतल्यालाही सुचत नाही." माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा मुलीकडच्यांना रोज फोन करणाऱ्या माझ्या वडिलांना त्यांनी हेच सांगितलं. वडिलांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण फोन थांबले आणि लग्न ठरलं.

पुढे दोन हजारनंतर फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम सगळीकडे झाली. तिचं कर्नल कुणालाही उघडून वाचता यायचं. आम्ही पोरांनी ते वापरायला घेतलं, बाईंनी वाचायला घेतलं. लोक जशी दुपारी कादंबरी वाचतात तशा त्या कुलपांचा भाग छापून घेऊन वाचायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "काय सुरेख केलंय बघ या पोराने!" ते पोर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कुठेतरी राहत होतं. बाईंच्या स्वतःच्या कर्नलची तेव्हा गरज संपत आली होती. मला त्याचं वाईट वाटायचं आणि एकदा मी तसं बोललो. त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगलं कुणी लिहिलं तर मी रडत बसू होय?" आणि पान उलटलं. मला हेवा वाटला. इतकं निर्मळ असणं मला अजून जमलेलं नाही.

एवढं वाचून वाटेल की बाई म्हणजे एक गंमत होती. मलाही तसंच वाटायचं, सातपूरचं ते प्रकरण होईपर्यंत. ते माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतलं.

प्रेस खाली सोडायला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस हलायचा नाही. दोन्ही हात बटणांवर गुंतले म्हणजे साच्यात सापडत नाहीत, असा त्यामागचा विचार. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये आमचा कंट्रोलर बसवलेला प्रेस एका दुपारी अचानक खाली आला. ऑपरेटर साच्यात अडकलेला पत्रा चिमट्याने काढत होता. चिमटा चेपून सपाट झाला, हात तेवढा वाचला.

वर्कशॉपवाल्याने निकाल लगेच लावला. काही ऑपरेटर सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन एक बटण कायमचं बांधून टाकतात. मग एकाच हाताने काम चालतं आणि माल भराभर निघतो. याच्या मशीनपाशी तशी पट्टी मिळाली. झालं, त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. सातपुरात अशी बातमी एका चहात सगळ्या गल्ल्या फिरते. बटण बांधणारा, स्वतःचा हात तोडून घेऊन मालकाला कोर्टात उभा करणारा, असं एकदा नाव पडलं की कुठल्याच प्रेसवर कुणी उभं करत नाही. आणि त्याला प्रेसखेरीज दुसरं काम येत नव्हतं.

आमच्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. मशीनचा दोष नव्हता तर! त्यांनी वर येऊन ही बातमी दिली तेव्हा बाईंना मान वर करून बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पट्टी बांधलेली मिळाली की नुसती पडलेली?"

"ते काही मला माहीत नाही, बाई."

"त्या माणसाला कुणी विचारलं?"

"तो काय, नाहीच म्हणणार."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. चार वाजता त्यांनी सांगितलं, "मी उद्या घोटीला जाते. तो तिकडचा आहे. तू चल." मी कशाला, असं विचारायची सोय नव्हती.

घोटीला एका भाताच्या गिरणीत तो पोती उचलत होता. वरच्या डोंगरातल्या गावचा, तिशीचा, सडसडीत माणूस. बायको-मुलं सातपूरच्या खोलीतच होती आणि खोली सोडायची की ठेवायची याचा घोळ चालू होता. आम्ही कोण ते कळल्यावर तो पोत्याला टेकून उभा राहिला. बाईंनी सरळच विचारलं, "तुम्ही बटण बांधता का हो?"

"बांधायचो की. खोटं कशाला बोलू? लय काम आसलं का सगळेच बांधतात. पन त्या दिशी नव्हतं बांधलं. पट्टी पेटीवर पडेल व्हती."

मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "कबूल करतोय की. चला आता."

"वेडा आहेस का? ज्याला खोटं बोलायचंय तो पहिल्याच वाक्यात स्वतःचं नुकसान कशाला करेल?" बाई म्हणाल्या आणि तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन आल्या. ते त्यांनी पोत्यांवर पालथे मांडले. हे डावं बटण, हे उजवं, मधे साचा. "आता करून दाखवा. सावकाश. कोणता हात कुठे होता?"

गिरणीतले हमाल भोवती जमले. त्यांना वाटलं, काहीतरी खेळ आहे. तो बिचारा संकोचला, पण मग त्याने डोळे मिटले आणि हात आपोआप चालायला लागले. त्याने डावा तळवा डाव्या डब्यावर ठेवला. उजव्या हाताने घाम पुसला.

"मंग पत्रा अडकला. मी डावा उचलला, चिमटा घेतला, आत घातला. आन उजवा इथं टेकला, वाकायचं म्हून."

"आधी काय? डावा उचलला की उजवा टेकला?"

"डावा उचलला. मंग उजवा. दोन्ही हात एकदम बटनावर नव्हतेच, बाई. मी मालकाला हेच सांगत व्हतो, पन ऐकलं कुनी? इचारलं बी तुमीच पयल्यांदा."

"परत करा," बाई म्हणाल्या. त्याने परत केलं. मग आणखी एकदा. बाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या आणि मग त्याला म्हणाल्या, "ती खोली सोडू नका. थोडं थांबा." असं आश्वासन बाई कधी कुणाला देत नसत.

परतीच्या एसटीत त्या डावा, मग उजवा, असं पुटपुटत मांडीवर हात उचलत-ठेवत होत्या. कंडक्टरने विचारलं, "कुठं?" तर म्हणाल्या, "ऐकलं." तिकिटं मी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचन लागलं. बटणं वाचणारं काम माझ्याकडे, पडद्यावर आकडे दाखवणारं दुसऱ्याकडे, मोडता अर्थात बाई. मी वाचायला लागलो. "दार लाव. डावं बटण वाच: दाबलेलं आहे. डाव्याची मोजणी वाढव." बटणं किती वापरली जातात, झिजल्यावर बदलायची कधी, हे साहेबांना हवं होतं म्हणून मोजणीची ही ओळ आमच्यातल्या एकाने नुकतीच घातली होती, आणि सातपूरच्या त्या डब्यात हाच प्रोग्राम होता. मोजणीचा तुकडा वेगळा लिहिलेला होता, तोही मी वाचला. "दार लाव. एकाने वाढव. दार उघड. आता उजवं बटण..."

"थांब," बाई म्हणाल्या.

"आत्ता नाही थांबवता येत, बाई. दार बंद आहे."

"आहे?"

मी मागे वळून ओळी पाहिल्या. पहिलं दार मी लावलं होतं. मग आतल्या खोलीत शिरलो, तिथेही लावलं. आणि आतल्या खोलीतून बाहेर पडताना 'दार उघड' म्हटलं, ते सगळ्या घराचंच उघडलं. प्रोसेसरला दार एकच असतं. ते आधीच कुणीतरी लावून ठेवलेलं आहे की नाही, हे बाईंच्या त्या ओळी बघतच नव्हत्या. सरळ उघडत होत्या.

"आता तू वाच," बाई पडदेवाल्याला म्हणाल्या. तो वाचू लागला, एकेक आकडा. तो वाचत असताना बाईंनी टेबलावर आपला डावा हात उचलला आणि उजवा टेकवला. मग माझ्याकडे बोट केलं. मी वाचलं, "उजवं बटण वाच: दाबलेलं आहे. दोन्ही दाबलेली आहेत. प्रेस सोड."

पडद्याची पाळी कितीशी, फार तर दोनेक सेकंदांची. पण तेवढ्यात माणसाचा हात बटणावरून उठून चिमट्यासकट आत जातो. तो माणूस अगदी खरं सांगत होता. दोन्ही हात एकदम बटणांवर कधीच नव्हते. मशीनने आधीचा डावा हात आणि नंतरचा उजवा हात एकत्र धरले होते. त्या दिवशी तिथे चिमटा होता म्हणून हात वाचला.

मोजणीची ओळ ज्याने घातली होती त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब आत येऊन सगळं ऐकत उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे याने ओळ चुकीच्या जागी घातली."

"ओळ बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दार माझं आहे. होतं तसं ठेवायचं हे मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही."

"अहो, पण इतकी वर्षं चाललंच ना?"

"चाललं, कारण आत शिरून दुसरं दार कुणी लावलं नव्हतं. वरचे लोक माझ्यावर विसंबून लिहितात, साहेब. खालच्याने वरच्यांना बोल लावायचा नसतो." ती ओळ कोणाची, हे बाईंच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण घाबरले होते. चिपा हळूहळू, मशीन दुरुस्तीला जाऊ तशा बदलू, बोभाटा कशाला, असं त्यांनी सुचवलं. बाई उठल्या, साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि त्यांच्याच फोनवरून एकेका वर्कशॉपला सांगू लागल्या, "आमचा कंट्रोलर असलेला प्रेस आत्ता बंद करा. चूक आमची आहे." साहेब काही वेळ दाराशी उभे राहिले. मग त्यांनी फोनची डायरी आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः शेजारी बसून नंबर सांगू लागले. तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात खडखडे म्हणणं बंद केलं.

याच प्रकरणानंतर बाईंना एक नवी खोड लागली. कुणाच्याही घरी गेल्या की दारात थांबून विचारायच्या, "हे उघडं होतं की लोटलेलं?" आणि आत आल्यावर ते होतं तसं करायच्या. पंखा, दिवा, नळाची तोटी, शेजारणीच्या खिडकीचा पडदा, सगळ्यांना हा नियम. माझ्या लग्नात त्यांनी खुर्ची उचलून दुसरीकडे नेली आणि जेवण झाल्यावर ती मूळ जागी ठेवायला गेल्या, तर तिथे फोटोवाला उभा होता. तो हलेपर्यंत खुर्ची हातात धरून त्या शांत उभ्या. माझी बायको अजून विचारते, त्या कोण होत्या?

नव्या चिपा तयार झाल्या, त्यांचं वाचन झालं, आणि पहिली चिप बसवायला आम्ही सातपूरला गेलो. मी, साहेब आणि बाई. त्या माणसाला बाईंनी निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. तो आला, पण फाटकाबाहेरच थांबला. वर्कशॉपवाला म्हणाला, "बाई, चूक काढलीत, उपकार झाले. पण तो बांधायचाच. तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे. त्यानेच सांगितलं. त्याबद्दल त्याला काय बोलायचं ते बोला. पण त्या दिवशीचं काही त्याच्या माथी मारू नका."

"बरं, नाही मारत. आत येऊन बसा, चहा घ्या."

"असं केबिनमध्ये नको," बाई म्हणाल्या. पाळी बदलायची वेळ होती. एक पाळी निघत होती, दुसरी येत होती, दोन्हीकडचे लोक मशीनपाशी होते. बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती, आवाज फाटत होता. "त्या दिवशी हा प्रेस माझ्या चुकीने खाली आला. यांच्या नाही. यांनी बटण बांधलं नव्हतं. यांनी सांगितलं ते सगळं खरं निघालं. मी लिहिलेलं चुकीचं निघालं." एवढं बोलून त्या थांबल्या. लोक एकमेकांकडे बघत राहिले. असं कुणी येऊन कधी सांगितलेलं नव्हतं आणि यावर काय करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. वर्कशॉपवाल्याने मग कुणाला तरी फाटकाकडे पिटाळलं आणि त्या माणसाला आत बोलावलं.

चिप बसली. वर्कशॉपवाल्याला एक हुक्की आली. "बाई, एवढी खात्री आहे तर पहिल्या फेरीला तुमचा हात ठेवा की साच्यात," तो हसत म्हणाला.

"माझ्या खात्रीने प्रेस थांबत नसतो," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

तो ऑपरेटर मशीनसमोर जाऊन उभा राहिला. मागच्या वेळी याच जागी चिमटा चेपला होता. त्याने बटणांकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, आणि मान वळवून विचारलं, "बाई, आता नाय ना पडनार?"

साहेब माझ्या शेजारी होते. त्यांनी श्वास रोखलेला मला कळत होता. नाही म्हणा, बाई, एवढंच म्हणा, अशी मीही मनातून विनवणी करत होतो. त्याची नोकरी, आमचं नाव, सगळंच त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

बाईंनी क्षणभर विचार केला. "या कारणाने पडणार नाही. ती चूक मी काढली. दुसरी एखादी मला अजून दिसली नसेल तर ते मला माहीत नाही. म्हणून सांगते, पट्टी बांधायची नाही आणि हात कधीच आत घालायचा नाही. चिमटाच वापरायचा."

"अहो बाई, काय बोलताय!" वर्कशॉपवाला ओरडला. "कोण उभं राहील आता या मशीनवर?"

तो माणूस मात्र बाईंकडेच बघत होता. "मालक म्हनायचे काय व्हत नाय. फोरमन म्हनायचा काय व्हत नाय. मी बी तेच म्हनत व्हतो," तो म्हणाला. "म्हाईत नाय म्हननाऱ्या तुमी पयल्याच. मंग मी चालवतो."

आणि त्याने दोन्ही हात बटणांवर ठेवले.